बाजीरावांच्या मातीची वेळ

कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये माणूस गेला, हे नक्की कधी ठरतं? डॉक्टरनं मान हलवली तरी लोक म्हणतात, बघू. घरात रडारड झाली तरी शेजारी म्हणतात, जरा सिरियस असंल. पण चौकात बाजीरावांची रिक्षा आली, टपावरच्या भोंग्यातून आधी खर्रर्र झालं, मग बाजीराव एकदा खाकरले आणि "कळविण्यास अत्यंत दुःऽऽख होते की" एवढं ऐकू आलं, म्हणजे गेला. मग हातातली कामं टाकून लोक मातीला निघतात. माती म्हणजे इकडे शेवटचा निरोप. आणि "मातीची वेळऽऽ दुपारीऽऽ चार" हे बाजीराव ज्या चालीत म्हणतात, ती चाल बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतल्या पोरांना पाठ आहे. वर्गात कुणाचं पेन हरवलं तरी मागच्या बाकावरून हळूच सुरू होतं, "कळविण्यास अत्यंत दुःऽऽख होते की, आठवी ब मधील निळे जेलपेन..."

बाजीराव अहिवळे. उंचीनं बेताचे, अंगानं काटक, आणि एवढ्याशा माणसात एवढा आवाज ठेवायला जागा कुठं, असा प्रश्न पडावा असे. तरणेपणी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ऐन भाषणात माईक बंद पडला. बाजीराव ट्रॉलीवर उभे राहिले आणि पाहुण्यांचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं मागच्या टोकापर्यंत ओरडून पोचवलं. पाहुण्यांच्या खोकल्यासकट. त्या दिवसापासून गावानं त्यांच्या हातात माईक दिला तो काढून घेतला नाही. नळाला पाणी येणार नाही, पोलिओचा डोस आहे, कुणाची शेळी चुकली, कारखान्याची सभा आहे, सगळं तेच सांगणार. माती मात्र कुणाचीही असो, मराठ्याची, धनगराची, बौद्धाची किंवा मुसलमानाचा दफनविधी असो, ते आधी स्वतः त्या घरी जायचे, गेलेल्याच्या पायाला हात लावायचे आणि मगच भोंगा लावायचे. एकदा वडगाव निंबाळकरला पोरांच्या सांगण्यावरून त्यांनी एका म्हाताऱ्याची माती पुकारली, आणि रिक्षा दारावरून चालली तर म्हातारा ओट्यावर बशीतून चहा पीत होता. "कोण गेलं रं बाजीराव?" असं त्यानं विचारलं होतं. तेव्हापासून हा शिरस्ता.

मग निहार आला. बारामतीचा, इंजिनिअर बापाचा पोरगा, बोलताना दर वाक्यात एकदा "बेसिकली" म्हणणारा. एमआयडीसीत त्याचं ऑफिस होतं. त्यानं बाजीरावांना भिंतींना स्पंज लावलेल्या एका खोलीत बसवलं आणि मशीनला त्यांचा आवाज शिकवायचा म्हणून हप्ताभर वाचायला लावलं. दुधाचे दर, हवामान, लग्नाच्या पत्रिका.

"आबा, आता जरा हसा. बेसिकली मनापासून."

बाजीराव हसले.

"आता रागवा. आता ते तुमचं खाकरणं द्या. वा! काय टेक्श्चर आहे!"

खाकरण्याला आजवर कुणी वा म्हटलं नव्हतं. बाजीराव फुलून गेले. जेवढं मागितलं तेवढं देऊन आले.

महिन्याभरात एक नंबर सुरू झाला. त्या नंबरवर कुणीही काहीही पाठवावं, वाढदिवस, बातमी, दुःखद निधन, नुसता फोटो आणि नाव पाठवलं तरी चालेल. मशीन त्यावरून मजकूर स्वतः रचायचं, बाजीरावांच्या आवाजात म्हणायचं आणि बारामती-इंदापूरच्या गावागावांतल्या फोनवर पाठवून द्यायचं. लोकांना काय मजा! बाजीरावांनाही पहिले काही दिवस मजाच वाटली. मग एकदा एमआयडीसीच्या खोल्यांपाशी रिक्षा लावून चहा पीत असताना त्यांनी स्वतःला भोजपुरीत बोलताना ऐकलं. बिहारची पोरं फोनभोवती बसून माना डोलवत होती. इंदापूरच्या डाळिंबाच्या बाजारात ते कर्नाटकातल्या ट्रकवाल्यांशी कन्नडमध्ये बोलत होते. दुसऱ्या दिवशी औषधाची फवारणी विकत होते, संध्याकाळी इंग्रजी शाळेचं ॲडमिशन. ज्या भाषेतला एक शब्द त्यांना कळत नव्हता, त्या भाषेत त्यांचा आवाज न अडखळता चालला होता.

"ही तर सुरुवात आहे, आबा," निहार म्हणाला. "पुढं पेपरातली बातमी हा मशीनमधला आबाच लिहिणार, टीव्हीवर हाच सांगणार. दवाखान्यात नंबर हाच पुकारणार, बँकेत हप्त्याचं हाच समजावणार, कारखान्याचा अहवालसुद्धा हाच वाचणार. भाषा कुठलीही द्या. तुम्ही बेसिकली घरी झोपा."

"आन् मी गेल्यावर?"

"त्याचं टेन्शनच नाही! तुम्ही कायम आहात."

पोरगं चांगल्या मनानंच म्हणालं होतं. पण बाजीराव घरी जेवायला बसले तरी ते "कायम" त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"सिंधे, त्यो माझ्यावाणी खाकरतोय गं."

"खाकरू द्या. तुमच्यावाणी घोरत तर न्हाय न्हवं?" सिंधुबाई म्हणाल्या आणि स्वतःच खुदुखुदु हसल्या. मग छातीवर हात ठेवून थांबल्या. दिवाळीनंतर त्यांच्या हृदयात नळी बसवली होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, यांना धक्का बसता कामा नये. घरात सगळे इतके जपत, की मालिकेत कुणी मरायला टेकलं तर बाजीराव उठून टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि स्वतः सांगायचे, "बरं हाय त्याला आता, उठून बसला."

त्यातच गावानं सत्कार ठरवला. पुढाकार माधवराव गुरुजींचा. रिटायर्ड हेडमास्तर, आणि प्रत्येक वाक्याला "बरं का" जोडल्याशिवाय पूर्णविराम देत नाहीत. "बाजीराव, तुमचा मोठा फोटो फ्रेम करून देणार आहोत, बरं का. आणि सत्काराला उत्तर तुम्ही द्यायचं नाही. ते मशीन देईल, बरं का!"

बाजीरावांना त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. स्टेजवर आपण तोंड मिटून उभे आहोत आणि भोंग्यातून आपण आभार मानतो आहोत, हे चित्र काही केल्या हटेना. सत्काराच्या दिवशी सकाळीच त्यांनी धोतर झटकलं, "बावड्याला ताईकडं जाऊन येतो" एवढं सिंधुबाईंना सांगितलं आणि पहिल्या एसटीनं चक्क पळून गेले.

बावड्यात ताईबाईंनी भावापुढं भाकरी, वांगं आणि ठेचा वाढला. ताईंची नात मोना शेजारी फोन चाळत बसली होती. बाजीरावांनी दुसरा घास तोंडात घातला आणि मोनाच्या फोनमधून कुणीतरी खाकरलं.

"कळविण्यास अत्यंत दुःऽऽख होते की, कोऱ्हाळे बुद्रुक येथील, प्रेमळ व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व, सर्वांचे लाडके बाजीराव अहिवळे यांचे, अल्पशा आजाराने, दुःऽऽखद निधन झाले."

घास तोंडातच राहिला.

"अरं माझ्या बाजीऽऽ!" ताईबाईंनी जो हंबरडा फोडला, त्यानं दारातली कोंबडी उडाली. "अरं मला एकलीला टाकून कुठं गेलास रंऽऽ!"

"अगं ताई, मी हितं हाय!"

"तू गप्प बस! माती कवा हाय ती ऐकू दे मला!"

"त्यांच्या पश्चात पत्नी सिंधुबाई, मुलगा अनुप, सून, नात असा परिवार आहे. मातीची वेळऽऽ दुपारीऽऽ चार."

ताईबाईंनी पदर डोळ्याला लावला, पदराआडून भावाकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, पुन्हा भावाकडे बघितलं. मग त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला. "मेल्या! बायकोचं नाव घेतलंस, माझं न्हाय घेतलंस व्हय त्यात?"

"मी कुठं बोललो ताई ते!"

झालं होतं ते असं. सत्कारमूर्ती गायब. मंडप भरलेला, पाहुणे आलेले. गुरुजी म्हणाले, मान चुकवायचा नाही, बरं का. मग खुर्चीवर ती मोठी फ्रेम ठेवली, खुर्चीच्या पाठीवर शाल टाकली, हार फोटोलाच घातला, पुढं नारळ ठेवला. उद्घाटनाची समई होतीच, ती फोटोच्या बाजूला सरकवली. गुरुजींनी कौतुकानं त्याचा फोटो काढला, खाली नाव-गाव लिहिलं आणि सत्काराची बातमी व्हावी म्हणून त्या नंबरवर पाठवून दिला. हार घातलेला फोटो, तेवणारी समई. मशीननं पुढचं सगळं स्वतःच्या मनानं रचलं. आजारसुद्धा अल्पसा दिला. सिंधुबाई, अनुप ही नावं त्या स्पंजच्या खोलीत बोलता बोलता बाजीरावांनीच कधीतरी सांगितलेली, ती त्यानं लक्षात ठेवली होती.

पण हे बाजीरावांना तेव्हा कुठं ठाऊक! त्यांच्या कानात एकच नाव वाजत होतं, सिंधुबाई. तिनं हे ऐकलं असणार. त्यांच्या जवळ साधा बटणांचा फोन होता. त्यावरून त्यांनी घराचा नंबर लावला.

फोन शेजारच्या मुक्ताबाईंनी उचलला. मागं बायकांचा गलका.

"मुक्ताबाय, मी बाजीराव. सिंधी कुठं हाय? तिला म्हणावं मी जिता हाय."

पलीकडे मुक्ताबाई दुसऱ्या कुणालातरी म्हणाल्या, "अगं, मशीनचा फोन आलाय! घरच्या नंबरवर! म्हणतंय मी जिता हाय!"

"मशीन न्हाय, मी हाय मी!"

"बगा की, जसंच्या तसं बोलतंय! लाज न्हाय वाटत व्हय रं तुमाला? हिकडं सिंधुवैनी डोळं फिरवून पडली, आन् तुमी तिच्या दाल्ल्याच्या आवाजात थट्टा करताय?" आणि फोन बंद.

डोळं फिरवून पडली. बाजीरावांनी बाहेरगावी असलेल्या अनुपला लावला तर त्याचा बिझी. बापाच्या मातीला निघालेल्या पोराला सगळा जिल्हा फोन करत असणार. मोना म्हणाली, "आबा, व्हिडिओ लावू, तोंड दिसलं की पटंल." तिनं लावला. मुक्ताबाईंचं अर्धं कपाळ दिसलं. बाजीराव पडद्यासमोर हात जोडून म्हणाले, "मुक्ताबाय, बगा, मीच हाय." मुक्ताबाई किंचाळल्या, "आगं बया, तोंडबी केलं त्यांनी! परवा टीव्हीत दाखवलं तसलंच! बंद कर गं, वैनीच्या नजरंस पडंल!" पडदा काळा झाला. पुन्हा लावला तर फोनच लागेना.

ताट तसंच राहिलं. ताईबाईंनी पातळ बदललं, आणि बहीण-भाऊ बारामतीच्या एसटीत बसले. ताईबाई दर थोड्या वेळानं भावाच्या गुडघ्याला हात लावून बघत होत्या.

पुढच्या बाकावर दोघेजण होते. टोप्यांवरून, बोलण्यावरून इंदापूरकडचे. मातीलाच निघालेले.

"काय आवाज व्हता गड्या."

"व्हता कुठं? हायच की! सकाळी ऐकलास न्हवं? माणूस गेला, आवाज ठिवून गेला."

"सोताची माती सोता पुकारली. असला मान कुणाला मिळतोय?"

बाजीरावांना राहवलं नाही. वाकून म्हणाले, "पावनं, मीच बाजीराव. मी मेलो न्हाय."

दोघांनी वळून बघितलं. पहिला खूश झाला. "झ्याक जमतंय की! आमचा पोरगाबी करतोय. पर त्यो 'दुःऽऽख' लई वढतो."

"ह्यांचं खाकरणं कमी पडतंय," दुसरा म्हणाला. "मशीन ब्येस खाकरतंय."

"आरं मुडद्यांनो, ह्यो माझा भाऊ हाय, बाजीराव!" ताईबाई उसळल्या.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, टोप्या काढल्या आणि पहिला मऊ आवाजात म्हणाला, "व्हय आजी. दुःखानं हुतं असं. सावरा."

बाजीरावांनी उपरणं तोंडाला धरलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. ऊस मागे पडत होता, पोल्ट्र्या मागे पडत होत्या. गाडीत कुणाचा फोन टुण् वाजला की त्यांचं अंग शहारायचं. कारण आता त्यांच्या डोक्यात नवीनच सुरू झालं होतं. सिंधीला काही झालं तर? तर ते सांगणार कोण? तोच सांगणार. तिच्या पायाला हात न लावता, रिक्षा न काढता, आधी नीट खाकरून, आपल्याच आवाजात. कळविण्यास अत्यंत दुःऽऽख होते की, श्रीमती सिंधुबाई. सवाष्ण बाईला तो श्रीमतीच म्हणणार, कारण त्याच्या हिशेबी नवरा सकाळीच गेलेला. बाजीरावांनी कान दाबून धरले. पण डोक्यातला भोंगा कान दाबून थोडाच बंद होतो? जन्मभर ज्या चालीवर लोकांची माणसं पोचवली, तीच चाल आत फिरत राहिली, आणि दर वेळी तिच्या नावापाशी येऊन थांबत होती. बारामतीचा स्टँड आला, गाडी बदलली, ताईबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. ती त्यांनी न उघडताच मांडीवर ठेवली.

कोऱ्हाळ्यात उतरले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया भिंतीकडेला, पुरुष दारात, मंडपवाल्याच्या खुर्च्या. बाजीरावांच्या रिक्षालाही कुणीतरी हार घातलेला. वडगावची, पणदऱ्याची माणसं कुणी यायची राहिलीत का, याची विचारपूस चालली होती. कुणीतरी विचारत होतं, "पर बॉडी कुठाय?" आणि दुसरा सांगत होता, "बावड्यावरनं यायचीय."

तेवढ्यात ती आली. स्वतःच्या पायानं, बहिणीला हाताशी धरून.

पहिल्यांदा एका बाईच्या हातातला तांब्या पडला. मग वाट आपोआप मोकळी झाली. कुणी हात जोडले, कुणी मागं सरकलं, माधवराव गुरुजी खुर्चीतून उठले ते "बरं" एवढंच म्हणाले आणि "का" त्यांच्या घशात अडकला. बाजीरावांनी कुणाकडे बघितलं नाही. ते सरळ आत गेले.

सिंधुबाई कॉटवर होत्या. डोळे मिटलेले, ओठ पांढरे, पण छाती हलत होती. गावातली नर्सबाई त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून बसलेली. उशाशी कुणीतरी आणून ठेवलेली पांढरी साडी, घडी न मोडलेली.

"सिंधे," बाजीराव म्हणाले.

सिंधुबाईंचं सगळं अंग दचकलं. डोळे न उघडताच त्यांनी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले. "बंद करा गं त्ये! पाया पडते तुमच्या, बंद करा कुणीतरी!"

"वैनी, अवं..." मुक्ताबाई म्हणायला लागल्या, पण बाजीरावांनी त्यांना हातानं थांबवलं. पुन्हा हाक मारायला त्यांचं तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. नर्सबाईच्या पट्ट्याचा आकडा वर चढला होता, आणि तो आपल्या एका शब्दानं चढलाय, हे त्यांना दिसलं. भीती काय असते ते त्यांना बावड्यापासून कळत होतं, पण तिचं तोंड एवढ्या जवळून आताच बघितलं.

ते कॉटच्या कडेला बसले. सिंधुबाईंचा एक हात कानावरून अलगद सोडवला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. हात आधी ताठ होता. मग बोटं चाचपायला लागली. त्यांच्या अंगठ्याला रिक्षाच्या क्लचनं पडलेला घट्टा होता, तिथं येऊन थांबली. मग डोळे उघडले.

"आलाव व्हय?"

बाजीरावांनी मान हलवली.

"खरं?"

पुन्हा मान हलवली.

"जेवलाव का?"

यावर मान हलेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिंधुबाई म्हणाल्या, "बोलू नका. निस्तं बसा. बोललाव की मला भ्या वाटतंय."

अंगणात एव्हाना गलका उठला होता. जिता हाय, न्हाय, त्याचा भाऊ असंल, भाऊ कुठाय त्याला, मी हात लावून बघू का, आधी तूच लाव. ज्यांनी डोळ्यांनी बघितलं तेसुद्धा एकमेकांना विचारत होते. निहार बारामतीवरून धापा टाकत आला होता आणि ओट्यावर बसून फोनवर भराभर टाईप करत होता. "बेसिकली दुरुस्ती पाठवतोय. एक मिनिट. एक मिनिट फक्त."

आणि अंगणातले सगळे फोन एकदम टुणटुणले. सगळ्यांतून मिळून एकच खाकरणं आलं.

"नमस्कार मंडळी. मी बाजीराव अहिवळे बोलतोय. सकाळी गेलेल्या चुकीच्या निरोपाबद्दल मी आपणा सर्वांची मनापासून माफी मागतो. मी सुखरूप आहे. बावड्याला बहिणीकडं जेवत होतो."

कुणीतरी मोठा श्वास सोडला. "हां. जिता हाय." "मग! सोता सांगितलं की त्यानी." खुर्च्या सरकल्या, बायका हसायला लागल्या, रिक्षाचा हार कुणीतरी काढला. माधवराव गुरुजी लगबगीनं दारात आले, आत डोकावले आणि आनंदानं म्हणाले, "बाजीराव, तुम्ही जिवंत आहात, बरं का! आत्ताच आलं!"

बाजीरावांनी त्यांच्याकडे बघितलं. बोलायचं खूप होतं. पण सिंधुबाईंनी हात धरला होता, आणि नर्सबाईचा आकडा कुठं खाली यायला लागला होता.

बाहेर आवाज थांबला नव्हता. हे पुढचं निहारनं टाईप केलं होतं की मशीननं स्वतःच रचलं, कुणास ठाऊक. फोनमधले बाजीराव थोडे थबकले, जसे ते स्वतः थबकतात तसे, आणि मग जरा खालच्या पट्टीत म्हणाले, "आता माझी पत्नी सिंधुबाई, हिच्याविषयी आपणास कळवायचे, तर..."

सिंधुबाईंची पकड घट्ट झाली. तिच्याविषयी आपण पुढं काय बोलणार, हे ऐकायला बाजीरावही कान देऊन बसले.